दुसरी इजा

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील व्याख्यानाचा संपादित मजकूर)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून बोलायचे तर शाळेच्या आठवणी सांगाव्यात, हे रीतीला धरून झाले असते. परंतु संयोजकांनी मला निमंत्रण देतानाच सांगितले की, आठवणी सांगणारे पुष्कळ आहेत. आपण अपघात विभागात काम करता, तेव्हा लोकांना घरी गेल्यावर उपयोगी पडेल असे काही सांगा. म्हणून डोके, चेहरा आणि मान यांना इजा झालेल्या माणसाला रुग्णालयात पोहोचेपर्यंत कसे सांभाळावे, हा विषय मी निवडला आहे. विषय सोहळ्याला शोभणारा नाही, हे मला ठाऊक आहे. पण बृहन्महाराष्ट्रातील या शाळेने साठ वर्षे ज्या घरांना धरून ठेवले, त्या घरांतील मुले रोज दुचाकीवर मागे बसून शाळेत येतात, मैदानावर पडतात, गच्चीवर पतंग उडवतात; आणि त्या घरांतील आजी-आजोबा न्हाणीघरात पाय घसरून पडतात. तेव्हा विषय आपल्या उंबरठ्याबाहेरचा नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. ही संख्या ऐकली की मन सुन्न होते आणि पाठोपाठ एक निराशाही येते: एवढ्या मोठ्या संकटापुढे आपण काय करणार? आज मला जे सांगायचे आहे ते या निराशेच्या उत्तरादाखल आहे.

डोक्याला मार लागतो तेव्हा मेंदूला एक इजा त्या आघाताच्या क्षणीच होते. तिला आम्ही पहिली इजा म्हणतो. ती घडून गेलेली असते. जगातला कोणताही शल्यचिकित्सक ती परत फिरवू शकत नाही. परंतु त्यानंतर, पुढच्या काही मिनिटांत आणि तासांत, मेंदूला दुसरी इजा होऊ लागते. श्वास अडल्यामुळे प्राणवायू कमी पडतो, रक्त वाहून गेल्यामुळे रक्तदाब खाली येतो, आणि पहिल्या आघातातून वाचलेला मेंदूचा भागही मरू लागतो. अनेक रुग्णांचे भवितव्य ही दुसरी इजा ठरवते. तिची सुरुवात रुग्णालयात होत नाही. रस्त्यावर, मैदानावर, जिन्याच्या पायथ्याशी होते. तिथे त्या वेळी डॉक्टर नसतो. तिथे आपण असता.

हे असे का होते, ते थोडे समजून घेऊ. मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असते. पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के एकट्या मेंदूला लागतो. एवढी गरज असून साठवण मात्र त्याच्यापाशी जवळजवळ नाही. हातावर पोट असलेल्या माणसासारखी त्याची स्थिती असते. क्षणोक्षणी रक्त आले पाहिजे आणि त्या रक्तात प्राणवायू असला पाहिजे. त्यातच कवटी ही हाडांची बंद पेटी. आत सूज आली किंवा रक्त साचले की आतला दाब वाढतो, आणि त्या दाबाविरुद्ध रक्त आत ढकलायला रक्तदाब पुरेसा लागतो. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात असे दिसले की, गंभीर मार लागलेल्या रुग्णाचा वरचा रक्तदाब एकदा जरी ९० च्या खाली गेला, तरी मृत्यूचे प्रमाण सुमारे दुप्पट होते. पुढे ॲरिझोना राज्यात रुग्णवाहिकांवरील कर्मचाऱ्यांना प्राणवायू लगेच देणे, रक्तदाब पडू न देणे आणि कृत्रिम श्वास प्रमाणाबाहेर वेगाने न देणे एवढ्याच साध्या गोष्टींचे काटेकोर शिक्षण दिले गेले. २०१९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा गंभीर इजा झालेल्यांच्या गटात जगण्याची शक्यता सुमारे दुपटीने वाढलेली आढळली. कोणतेही नवे औषध नव्हते, नवे यंत्र नव्हते. साध्या गोष्टी वेळेवर केल्या, एवढेच.

आता डोक्याबरोबर चेहरा आणि मान यांचा विचार का करायचा? कारण मेंदूकडे जाणारे सारे रक्त मानेतून जाते, फुप्फुसांकडे जाणारी सारी हवा नाक-तोंडातून आणि गळ्यातून जाते, आणि मेंदूचे निरोप शरीराला पोहोचवणारा मज्जारज्जू मानेच्या मणक्यांतून जातो. या वीतभर जागेत श्वास, रक्त आणि मज्जारज्जू अशा तिन्ही वाटा एकत्र आल्या आहेत. म्हणून या भागाच्या इजेत करायची कामेही तीनच आहेत, आणि त्यांचा क्रम ठरलेला आहे: श्वास मोकळा ठेवणे, रक्त थांबवणे, मान स्थिर ठेवणे.

पण त्याआधी दोन क्षण थांबायचे. आपण स्वतः सुरक्षित आहोत ना, मागून वाहने येत नाहीत ना, तुटलेली विजेची तार पडलेली नाही ना, हे पाहायचे. मग एका माणसाकडे बोट दाखवून त्याला फोन करायला सांगायचे. ‘कुणीतरी फोन करा’ असे म्हटले की कुणीच करत नाही. ‘निळा सदरा घातलेले दादा, तुम्ही १०८ ला फोन लावा’ असे म्हटले की फोन होतो. १०८ ही रुग्णवाहिका सेवा १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबादेत सुरू झाली आणि पुढे अनेक राज्यांनी ती स्वीकारली. ती न लागल्यास ११२. फोनवर ठिकाणाची ठळक खूण, जखमींची संख्या, शुद्ध आहे की नाही आणि श्वास चालू आहे की नाही, एवढे सांगायचे. आणि समोरच्याने ठेवल्याशिवाय आपण फोन ठेवायचा नाही.

पहिले काम श्वासाचे. माणूस बेशुद्ध होऊन उताणा पडला की त्याची जीभ मागे घशात पडते. चेहऱ्याला मार असेल तर नाकातले रक्त, तुटलेले दात, उलटी हे सारे तिथेच जमते. घरघर किंवा घोरल्यासारखा आवाज येऊ लागतो. बघ्यांना वाटते, ‘झोप लागली आहे’. ती झोप नसते. तो अडलेला श्वास असतो. अशा वेळी डोक्याशी गुडघे टेकून बसावे, दोन्ही हातांची बोटे कानांखाली जबड्याच्या कोनांमागे ठेवावीत आणि खालचा जबडा पुढे उचलावा. मान वाकवायची नाही. जबड्याबरोबर जीभही पुढे येते आणि हवेची वाट मोकळी होते. तोंडात डोळ्यांना दिसणारे रक्त, दाताचा तुकडा किंवा कवळी असेल तर ती काढावी. न दिसणाऱ्या गोष्टीसाठी आंधळेपणाने बोट घालू नये.

आपण एकटेच असाल, रक्त किंवा उलटी तोंडात येत असेल आणि माणूस बेशुद्ध पण श्वास घेणारा असेल, तर डोके, मान आणि धड एका रेषेत ठेवून त्याला हलकेच कुशीवर वळवावे. तोंडातले बाहेर ओघळून जाते. मानेला इजा असेल तर, अशी शंका इथे अनेकांना येते आणि ती योग्यच आहे. पण क्रम लक्षात ठेवावा. मानेची इजा असण्याची शक्यता असते. अडलेला श्वास ही समोर दिसणारी खात्री असते. म्हणून श्वास आधी. जबडा उचलूनही वाट मोकळी होत नसेल तर मान अगदी सावकाश, थोडीशीच मागे नेऊन हनुवटी उचलावी. श्वास थांबलाच असेल, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाब देणे सुरू करावे आणि मदत येईपर्यंत थांबू नये.

उलट, चेहऱ्याला जबर मार लागलेला माणूस शुद्धीवर असेल तर तो पुष्कळदा उठून बसायला आणि पुढे वाकायला धडपडतो. भोवतालचे लोक ‘निजा, निजा’ म्हणून त्याला बळेच आडवे करतात. तसे करू नये. जबडा दोन्ही बाजूंनी मोडला असेल तर आडवे पडताच जीभ घशावर बसते. पुढे वाकून बसण्यानेच त्याचा श्वास चालू असतो. त्याला ज्या स्थितीत श्वास घेता येतो, त्या स्थितीत त्याला राहू द्यावे. त्याचे शरीर त्या क्षणी आपल्यापेक्षा शहाणे असते.

आणि एक कळकळीची विनंती. आपल्याकडे पडलेल्या माणसाच्या तोंडाला पाण्याचे भांडे लावणे हा दयेचा पहिला आविष्कार आहे. त्यामागची माया खरी आहे; पण अर्धवट शुद्धीत दिलेले पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते. जखमी शुद्धीवर असला तरी त्याला काही तासांत भूल द्यावी लागेल, आणि पोटात काही असेल तर भूल धोक्याची होते. म्हणून पाणी नाही, चहा नाही, साखर नाही. ओठ ओल्या कापडाने टिपावेत, एवढे पुरे. आकडी आली तर तोंडात चमचा घालू नये, चप्पल किंवा कांदा हुंगवू नये. आजूबाजूच्या वस्तू दूर कराव्यात, झटके थांबले की कुशीवर वळवावे.

दुसरे काम रक्ताचे. डोक्याच्या कातडीला रक्तपुरवठा भरपूर असतो, त्यामुळे दोन बोटांची खोक पडली तरी सदरा भिजून जातो. लहान मुलात तेवढ्या रक्तस्रावानेही रक्तदाब खाली येऊ शकतो. ‘वाईट रक्त बाहेर गेले, बरे झाले’ असे म्हणणारे वडीलधारे अजून भेटतात. ते रक्त मेंदूच्या वाट्याचे असते. स्वच्छ कापडाची जाड घडी जखमेवर ठेवून तळहाताने सलग दहा मिनिटे दाबून धरावे. मधे उचलून पाहू नये. घडी भिजली तर ती न काढता वर दुसरी ठेवावी. जखमेखालचे हाड खचलेले किंवा हलते वाटले तर मध्यभागी न दाबता कडेकडेने दाबावे. रुतलेली काच, सळई, काठी ओढून काढू नये. ती हलणार नाही अशी भोवती कापडाची चुंबळ करावी. हळद, कॉफीची पूड, चुना, टूथपेस्ट यांपैकी काहीही जखमेत भरू नये.

नुसता घोळणा फुटला असेल तर मान मागे टाकू नये. रक्त घशात उतरते. पुढे वाकून बसवावे, नाकाचा मऊ भाग चिमटीत दहा-पंधरा मिनिटे धरावा आणि तोंडाने श्वास घ्यायला सांगावे. पण डोक्याला मार लागल्यानंतर नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा पातळ किंवा रक्तमिश्रित द्रव वाहत असेल, तर तो मेंदूभोवतालचा द्रव असू शकतो. अशा वेळी कापसाचा बोळा कोंबू नये, नाक शिंकरू देऊ नये. बाहेरून स्वच्छ कापड सैल ठेवावे.

मानेच्या जखमा आपल्याकडे एका सणाशी जोडल्या गेल्या आहेत. संक्रांतीच्या सुमारास काचेची धार लावलेल्या किंवा नायलॉनच्या मांजाने दुचाकीस्वारांचे गळे चिरल्याच्या बातम्या अनेक राज्यांतून येतात. राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी अशा मांजावर देशभर बंदी घातली. तरी तो विकला जातो, कारण तो विकत घेतला जातो. गळ्यातून रक्त उसळत असेल तर कापडाची घडी जखमेवर ठेवून बोटांनी नेमक्या त्याच जागी घट्ट दाबावे आणि रुग्णालयापर्यंत हात काढू नये. गळ्याभोवती फडके आवळून बांधू नये. रक्त थांबवण्याच्या प्रयत्नात श्वास आणि मेंदूचा रक्तपुरवठा दोन्ही अडतात. श्वास सुरळीत असेल तर त्याला आडवे ठेवावे, कारण बसलेल्या माणसाच्या मानेतील कापलेल्या शिरेत हवा ओढली जाऊ शकते. आवाज बसला असेल, जखमेतून बुडबुडे येत असतील किंवा गळा भराभर सुजत असेल, तर श्वासनलिकेलाच धोका आहे असे समजून तसे फोनवर आवर्जून सांगावे. चाकात ओढणी किंवा पदर अडकून गळ्याला फास बसला तर वाहन थांबवून कापड कापून काढावे, ओढू नये. बाहेरून खरचटल्याखेरीज काही दिसले नाही तरी अशा माणसाला रुग्णालयात न्यावेच.

तिसरे काम मान स्थिर ठेवण्याचे. डोक्याला जोराचा मार लागला असेल तर मानेलाही तो लागला असेल, असे गृहीत धरून चालावे. मणका मोडूनही मज्जारज्जू शाबूत असू शकतो; चुकीने उचलताना तो दबला तर हातपाय कायमचे लुळे पडू शकतात. ही तर आपल्या हातून होणारी दुसरी इजा. जखमी शुद्धीवर असेल तर ‘हलू नका, मान वळवू नका’ असे समोरून सांगावे, म्हणजे तो बघायला मान फिरवणार नाही. डोक्याच्या दोन्ही बाजूंना हात ठेवून ते धडाच्या रेषेत धरून ठेवावे. मात्र तो धडपडत असेल तर बळजबरीने दाबून धरू नये. झटापटीत मान अधिकच हलते.

हेल्मेट काढावे की नाही, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. जखमी नीट बोलत असेल, श्वास सुरळीत असेल, तर हेल्मेट तसेच राहू द्यावे. काच वर करावी आणि हनुवटीखालचा पट्टा सोडवावा. बेशुद्ध माणसाच्या हेल्मेटमुळे श्वास अडत असेल किंवा आत उलटी, रक्त साचत असेल, तरच काढावे आणि त्यासाठी दोन माणसे लागतात. एकाने खालून एक हात जबड्याला व दुसरा मानेमागे देऊन डोके धरायचे. दुसऱ्याने हेल्मेटच्या बाजू बाहेरच्या दिशेने ताणत, सावकाश, सरळ रेषेत ते ओढायचे. हिसका द्यायचा नाही.

रुग्णवाहिका येणे शक्य असेल तर तिची वाट पाहावी, कारण ती प्राणवायू, घसा साफ करण्याचे यंत्र आणि मान बांधण्याचे साहित्य घेऊन येते. पण आपला देश मोठा आहे. प्रत्येक घाटात आणि प्रत्येक खेड्यात ती वेळेवर पोहोचेलच असे नाही. तेव्हा निदान एवढे टाळावे: बेशुद्ध माणसाला दोघांनी काखेत धरून रिक्षाच्या सीटवर बसवणे. त्याची मान छातीवर लोंबते, श्वास अडतो, मणका वाकतो; आणि दवाखान्याच्या दारात पोहोचेपर्यंत दुसरी इजा पुरी झालेली असते. त्याऐवजी बाकडे, फळी किंवा दार घ्यावे, चार माणसे जमवावीत, डोके धरणाऱ्याने ‘एक, दोन, तीन’ म्हणावे आणि सर्वांनी एकदम उचलावे. टेम्पो, जीप, ज्यात आडवे नेता येईल ते वाहन पाहावे. शक्य असेल तर सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच न्यावे. पण श्वास अडलेला असेल किंवा रक्त थांबत नसेल तर सर्वांत जवळचे रुग्णालय पहिले.

आतापर्यंत गंभीर जखमींविषयी बोललो. पण फसवणूक करणारा रुग्ण वेगळाच असतो. तो पडतो, उठतो, कपडे झटकतो आणि म्हणतो, ‘काही नाही झाले’. भारताचे कसोटीपटू रमण लांबा २० फेब्रुवारी १९९८ रोजी ढाक्यातील एका क्लब सामन्यात हेल्मेटशिवाय फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभे होते. फलंदाजाचा फटका त्यांच्या डोक्याला लागला. ते स्वतः चालत मैदानाबाहेर गेले. थोड्याच वेळात त्यांची प्रकृती ढासळली आणि २३ फेब्रुवारीला त्यांचे निधन झाले. कवटीच्या आत रक्तवाहिनी फुटली की रक्त हळूहळू साचते, आणि तोवर माणूस हिंडतो-बोलतो. ज्या काळात शस्त्रक्रियेने तो वाचू शकतो, नेमका तोच काळ ‘काही नाही झाले’ म्हणण्यात जातो.

म्हणून डोक्याला मार लागलेल्या माणसाला २४ तास एकटे सोडू नये. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, सुस्ती, असंबद्ध बोलणे, आकडी, एका बाजूच्या हातापायात अशक्तपणा, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या होणे, डोळ्यांभोवती किंवा कानामागे काळेनिळे पडणे, यांपैकी एकही खूण दिसली तर तडक रुग्णालय गाठावे. दोन वर्षांखालील मूल तीन फुटांहून उंचावरून पडले, तर खूण दिसण्याची वाट पाहू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांच्या बाबतीतही तेच; त्यांच्यात रक्त कित्येक दिवसांनी किंवा आठवड्यांनीही साचू शकते. आजोबा हल्ली फार झोपतात, चालताना झोक जातो, असे दिसले तर महिन्यापूर्वीचे न्हाणीघरातले पडणे आठवावे. ‘मार लागलेल्याला झोपू देऊ नये’ हा समज मात्र सोडावा. झोपेने इजा होत नाही; झोपलेला माणूस हाकेला ओ देतो की नाही, हे पाहत राहणे महत्त्वाचे. आपणाला तपासणीची मोठी शास्त्रे येण्याची गरज नाही. आपणहून बोलतो, हाकेला ओ देतो, चिमटा काढल्यावरच हलतो, की कशालाच दाद देत नाही, एवढ्या चार पायऱ्या पाहाव्यात आणि वेळेसह कागदावर लिहून ठेवाव्यात. तो चिटोरा आमच्या दृष्टीने अमोल असतो.

शाळेच्या मैदानाशी संबंधित दोन गोष्टी थोडक्यात. कायमचा दात मुळासकट निखळून पडला तर तो पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मुळाला हात लावू नये, घासू नये. क्षणभर दुधात किंवा पाण्यात खळबळून, मूल शुद्धीवर व समजूतदार असेल तर जागच्या जागी बसवावा. नाहीतर दुधात बुडवून अर्ध्या तासाच्या आत दंतवैद्याकडे न्यावा. दुधाचा दात परत बसवू नये. डोळ्यात चुना, रसायन किंवा होळीचा रंग गेला तर वीस मिनिटे सतत वाहत्या पाण्याने धुवावा. पण पेन्सिल, काडी किंवा फटाक्याने डोळा फुटल्याची शंका असेल तर धुवू नये, दाबू नये. वर कागदी पेला उपडा ठेवून चिकटपट्टी लावावी.

आता त्या प्रश्नाकडे येतो, जो मनात असूनही कुणी उघड विचारत नाही: मदत केली आणि नसती बला मागे लागली तर? शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्या हाडीमाशी मुरली आहे. अपघातापाशी तिची किंमत जखमीला मोजावी लागते. एका स्कूटरस्वाराला रुग्णालयाने पोलीस केस म्हणून नाकारले आणि सुमारे वीस किलोमीटर दूरच्या दुसऱ्या रुग्णालयाकडे नेताना तो वाटेत मरण पावला, ही बातमी परमानंद कटारा यांनी सर्वोच्च न्यायालयापुढे नेली. १९८९ च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले की जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे, कागदपत्रे नंतर. मदत करणाऱ्यांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे ३० मार्च २०१६ रोजी न्यायालयाने बंधनकारक केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. सद्‌भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. त्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. मे २०२५ पासून रस्ते अपघातातील जखमीला सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोख पैसे न भरता उपचार देण्याची केंद्राची योजनाही लागू आहे. कायद्याने आपले काम केले आहे. उरलेले अंतर आपल्या दोन पावलांचे आहे.

पहिली इजा टाळण्याविषयीही पालकांना एवढे सांगतो. अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यानुसार हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. चार वर्षांवरील मुलालाही कायद्याने हेल्मेट आवश्यक आहे. १५ फेब्रुवारी २०२३ पासून नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलासाठी हेल्मेट, चालकाशी जोडणारा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा लागू आहे. शाळेच्या फाटकाशी मात्र वडिलांच्या डोक्यावर हेल्मेट आणि मागे बसलेल्या मुलाचे डोके उघडे, हे दृश्य रोजचे आहे. पट्टा न लावलेले हेल्मेट आपटण्याआधीच उडून जाते, हेही ध्यानात असू द्यावे.

शेवटी एक प्रस्ताव. हीरक महोत्सवाचे स्मारक म्हणून काय उभारावे, याची चर्चा चालू असल्याचे ऐकतो. कमान उभारा, सभागृह उभारा. सारे उचितच आहे. त्याबरोबर एवढे करा: दरवर्षी नववीच्या प्रत्येक तुकडीला, शिपाईमामांना आणि बसचालकांना एक दिवस या तीन कामांचा सराव द्या. जबडा कसा उचलावा, कुशीवर कसे वळवावे, घडी दाबून कशी धरावी, चौघांनी मिळून कसे उचलावे, हे पुस्तकातून येत नाही. एकमेकांवर सराव करून हातात बसते. मैदानाजवळ एक पेटी ठेवा. तीत जाड घड्या, पट्ट्या, हातमोजे, कात्री, विजेरी आणि कागदी पेले असावेत. झाकणावर १०८ आणि सीटी स्कॅन असलेल्या जवळच्या रुग्णालयाचा क्रमांक लिहा. आमच्यासारखे माजी विद्यार्थी देशभर विखुरलेले डॉक्टर, परिचारिका आहेत. शिकवायला आम्ही आनंदाने येऊ.

नववीत शिकलेले मूल चाळीस वर्षांनी कोणत्या राज्यातल्या कोणत्या रस्त्यावर असेल, सांगता येत नाही. तिथे समोर पडलेला माणूस कोणती भाषा बोलणारा असेल, तेही सांगता येत नाही. पण त्या मुलाचे हात गोंधळणार नाहीत. भाषा जपण्यासाठी स्थापन झालेल्या शाळेने भाषा न लागणारी ही विद्याही आपल्या मुलांना द्यावी, एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.